मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद

एका वाक्यापाशी मी तीन आठवडे अडून बसले होते. वाक्य अवघड नव्हतं. एका बालवाचकांच्या प्रकाशकासाठी जगातल्या खेळाडूंची छोटी चरित्रं इंग्रजीतून मराठीत आणायचं काम घेतलं होतं. शब्दाला ठरलेला दर, ठरलेली मुदत, फार डोकं लावू नका असा प्रेमळ सल्ला. त्यात एक प्रकरण बेसबॉलपटूचं होतं. बेसबॉल मी जन्मात पाहिलेला नव्हता. प्रकरणात एका ठिकाणी असं होतं, की 1971 ची वर्ल्ड सिरीज जिंकल्यावर त्यानं टीव्हीवरून आपल्या आईवडिलांचे स्पॅनिशमध्ये आभार मानले.

मला ते खटकलं. एम.ए.ला तौलनिक साहित्य घेतलं तेव्हा लॅटिन अमेरिकेच्या पेपरपायी दोन वर्षं स्पॅनिश शिकले होते. आता ती भाषा माळ्यावरच्या पितळी भांड्यासारखी काळवंडली आहे. पण एवढं आठवत होतं, की आईवडिलांचे आभार मानणं ही काही त्या लोकांची रीत नाही. आपलीही नाही. मी ते चित्रीकरण शोधून काढलं. 17 ऑक्टोबर 1971, बाल्टिमोर. सातवा आणि शेवटचा सामना 2-1 असा जिंकून पिट्सबर्ग पायरेट्सचा संघ कपडे बदलायच्या खोलीत दंगा करतोय, आणि सदतीस वर्षांचा एक देखणा, काळा माणूस मायक्रोफोनसमोर उभा आहे. इंग्रजीत काही बोलण्याआधी मला आईवडिलांसाठी स्पॅनिशमध्ये दोन शब्द बोलायचेत, असं तो इंग्रजीतच सांगतो आणि मग बोलतो. आभार वगैरे काही नाही. तो म्हणतो, की माझ्या आयुष्यातल्या या सगळ्यात मोठ्या दिवशी माझ्या मुलांना माझा आशीर्वाद, आणि माझ्या आईवडिलांनी मला आशीर्वाद द्यावा.

माणसाचं नाव रोबेर्तो क्लेमेन्ते. आपल्याकडच्या इंग्रजी वळणानं लिहायचं तर रॉबर्टो क्लेमेंटी. मी पहिल्या पानापासून रोबेर्तो क्लेमेन्ते असंच लिहिलं. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं, मी ते खोडलं. इतका हट्ट मी एरवी करत नाही. तो का केला, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

त्याचा जन्म 18 ऑगस्ट 1934 चा, प्वेर्तो रिको बेटावरच्या कारोलिना गावातला. वडील मेल्चोर उसाच्या मळ्यावर मुकादम होते. सात भावंडांत हा सगळ्यात धाकटा. कुणी काही काम सांगितलं, की पोरगा म्हणायचा, ‘मोमेन्तितो, मोमेन्तितो’. थांबा जरा, आलोच. त्यावरून घरात नावच पडलं मोमेन. अंगणातल्या हाकेचं असं नाव ज्यांना मिळालंय, त्यांना कळेल की तेच खरं नाव असतं आणि शाळेतलं नाव हे फक्त हजेरीपुरतं. शाळेत असताना तो भालाफेक करायचा. पुढे बेसबॉलमध्ये त्याचा उजवा हात जो गाजला, त्याचा संबंध लोक त्या भाल्याशी जोडतात.

इथे खेळाबद्दल थोडं सांगते, कारण मलाही ते शून्यापासून समजून घ्यावं लागलं. क्रिकेटमध्ये फलंदाज टिकून राहिला की दिवसभर खेळतो. बेसबॉलमध्ये एका सामन्यात चार-पाचदा पाळी येते, आणि गोल दांड्यानं, साधारण अठरा मीटरवरून अंगावर येणारा चेंडू नव्वद अंशांच्या चौकटीत मारायचा असतो. फटका असा बसला, की त्याच्या जोरावर फलंदाज पहिल्या तळापर्यंत तरी सुखरूप पोहोचला, तर तो एक हिट. दहा वेळांत तीनदा हे जमलं तर माणूस थोर समजला जातो. म्हणजे सातदा परत येऊन बाकावर बसायचं, आणि तरी थोर. क्लेमेन्तेची अठरा हंगामांची सरासरी .317 आहे. क्रिकेटच्या सरासरीची सवय असलेल्या डोळ्यांना हा आकडा छपाईची चूक वाटतो. माझ्या मुलालाही तसंच वाटलं. चार वेळा तो आपल्या लीगमधला पहिल्या क्रमांकाचा फलंदाज ठरला: 1961, 64, 65 आणि 67. क्षेत्ररक्षणासाठीचा ‘गोल्ड ग्लोव्ह’ त्याला 1961 पासून ओळीनं बारा वर्षं मिळाला. तो उजव्या कोपऱ्यात, अगदी कुंपणाजवळ उभा राही आणि तिथून थेट तिसऱ्या तळावर चेंडू फेकी. चित्रफितींत दिसतं, की धावणारा माणूस अर्ध्या वाटेत मान वळवून त्या हाताकडे बघतो आणि विचार बदलतो.

एक गोष्ट मला आकड्यांपेक्षा जास्त आवडते. 25 जुलै 1956 ला शेवटच्या डावात पायरेट्स तीन धावांनी मागे होते आणि तिन्ही तळांवर त्यांची माणसं उभी होती. क्लेमेन्तेनं चेंडू मारला. चेंडू मैदानातच राहिला आणि हा धावत सुटला. तिसऱ्या तळापाशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकानं दोन्ही हात वर करून थांबायला सांगितलं. समजुतीचा सल्ला होता तो. तीन धावांनी बरोबरी झालीच होती. पण ‘थांबा जरा’ हे ज्याचं नाव तो थांबला नाही. चौथी धाव त्यानं स्वतः पुरी केली आणि सामना 9-8 असा संपला. अशा तऱ्हेनं सामना संपल्याचं त्या खेळाच्या इतिहासात दुसरं उदाहरण नाही म्हणतात.

पिट्सबर्गला तो योगायोगानंच आला. 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी त्याला करारबद्ध केलं, माँट्रियलच्या दुय्यम संघात ठेवून दिलं, आणि वर्षाच्या अखेरीला एका नियमाचा आधार घेऊन पायरेट्सनी उचललं. पायरेट्स तेव्हा तळाला असायचे. आणि ते वयाच्या विसाव्या वर्षी आलेलं पोर एकाच वेळी दोन गोष्टी होतं: काळं, आणि स्पॅनिश बोलणारं. फ्लोरिडातल्या सरावाच्या काळात गोरे खेळाडू हॉटेलात जेवायला उतरत तेव्हा काळ्यांना बसमध्ये बसून राहावं लागे. कुणीतरी आणून देईल ते खायचं. त्याच्या बेटावर रंगभेद नव्हता असं नाही, पण पाटी लावून नव्हता. काळ्या अमेरिकन खेळाडूंना तो परका वाटे, कारण भाषा वेगळी. आणि हे सगळं चालू असताना तो जन्मानं अमेरिकेचा नागरिक होता. 1917 पासून प्वेर्तो रिकोचे सगळेच लोक अमेरिकेचे नागरिक आहेत. त्याला परदेशी म्हणणाऱ्यांपैकी कितींना हे माहीत होतं, कोण जाणे.

मग नाव. रोबेर्तो म्हणायला अमेरिकन जिभेला काय जड जात होतं, मला कळत नाही. पण त्याचं बॉब केलं गेलं, बॉबी केलं गेलं. तिकडे खेळाडूंची चित्रं असलेले पत्ते मुलं जमवतात, आपण आगपेट्यांची चित्रं जमवायचो तशी. त्यांपैकी सगळ्यात खपाच्या टॉप्स कंपनीच्या पत्त्यांवर 1957 पासून 1969 पर्यंत तो ‘बॉब क्लेमेन्ते’ आहे. तो विचारलं तर आणि न विचारतासुद्धा सांगत असे, की माझं नाव रोबेर्तो. तेरा वर्षं पत्ते ‘बॉब’च छापून येत राहिले.

आणि नावापेक्षा वाईट म्हणजे त्याचं बोलणं. 1961 चा ऑल स्टार सामना. दहाव्या डावात त्याच्या फटक्यावर विली मेज धावत आला आणि सामना जिंकला. त्यानंतर वार्ताहरांनी त्याला गाठलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत त्याची वाक्यं जशी ऐकू आली तशी छापली गेली. तो ‘हिट’ म्हणाला, ते ‘हीट’ असं छापलं. व्याकरण सुटलेलं, तेही तसंच ठेवलं. कोट्यवधी लोकांनी ते न्याहारीबरोबर वाचलं आणि हसले असणार.

ह्या ‘हीट’वर मी बराच वेळ बसून होते. स्पॅनिशमध्ये ‘इ’ एकच आहे. ऱ्हस्व-दीर्घ असा भेद त्या भाषेला ठाऊकच नाही, त्यामुळे त्याच्या कानाला आणि जिभेला दोन्ही सारखेच. खरं सांगायचं तर आपण मराठी माणसंही बोलताना हा भेद फारसा करत नाही. लिहिताना करतो, आणि त्यात चुकतो, आणि त्यावरून एकमेकांची लायकी ठरवतो. मुद्रितशोधनाची कामं करून मी काही वर्षं घर चालवलं आहे. एका वेलांटीत काय काय साठवता येतं हे मला चांगलं माहीत आहे.

त्या वार्ताहरांपैकी कुणालाही स्पॅनिश येत नसावं. त्यांच्या समोरचा माणूस दुसऱ्या भाषेत बोलत होता, म्हणजे दोन भाषा बोलत होता. पण छापून आला तो अर्धी भाषा येणारा माणूस. गोऱ्या खेळाडूंची अडखळती वाक्यं वार्ताहर गुपचूप नीट करून छापत, हे सगळ्याच देशांतल्या पत्रकारांना ठाऊक आहे. क्लेमेन्ते चिडला. अनेक दिवस वार्ताहरांशी बोलेना. मग तो तुसडा आहे, अशाही बातम्या आल्या. पाठ दुखते म्हणाला, की सोंग करतो म्हणत. 1954 मध्ये एका दारुड्यानं त्याच्या गाडीला धडक दिली होती, तेव्हापासूनचं ते दुखणं. फलंदाजीला उभा राहण्याआधी तो मान डावी-उजवीकडे फिरवून मोकळी करी. प्रेक्षकांना ती लकब वाटे. 1960 ला पायरेट्सनी वर्ल्ड सिरीज जिंकली, पण लीगमधला सर्वोत्तम खेळाडू निवडताना मतदार पत्रकारांनी त्याला आठवा क्रमांक दिला. हा सल त्यानं शेवटपर्यंत जपला. सर्वोत्तम खेळाडूचा तो मान त्याला 1966 ला मिळाला, तरीही. काही चरित्रकार इथे त्याला थोडं समजावू पाहतात, की एवढं मनाला लावून घ्यायला नको होतं. मला नाही तसं वाटत.

आता माझं.

पंधराएक वर्षांपूर्वी पुण्यात असताना कष्टकऱ्यांच्या मुलाखतींच्या एका संग्रहासाठी मी काही माणसांशी बोलले होते. त्यांत एक गवंडी होते. मूळचे महबूबनगर जिल्ह्यातले, घरी तेलुगू. वीस वर्षं पुण्यात इमारती बांधलेल्या. मी त्यांना मेस्त्री म्हणत असे, कारण साइटवर सगळेच म्हणत. ते माझ्याशी मराठीत बोलले, मी मराठी आहे म्हणून. त्यांची मराठी धकवून नेलेली होती. ‘भिंत उभा केला’, ‘बायको गेला गावाला’ अशी. मी ते जसंच्या तसं उतरवलं. मला वाटलं, हे अस्सल आहे, ह्यात मातीचा वास आहे, प्रमाणभाषेत बसवलं तर माणूस मरेल. असले शब्द मी तेव्हा सहज वापरायचे. आणि कुठे कुठे वाक्य फारच नीट आलं होतं, तिथे लय जुळावी म्हणून दोन-तीन चुका मी माझ्या पदरच्या घातल्या. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. संग्रहाचं कौतुक झालं. एका परीक्षणात त्या प्रकरणातल्या ‘रांगड्या बोली’चा खास उल्लेख होता. तेलुगू माणसाची अडखळती मराठी ही कसली बोली, हा प्रश्न परीक्षण लिहिणाऱ्याला पडला नाही, मलाही पडला नाही.

मेस्त्रींची मुलगी तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत सातवीत होती. पुढे ती नर्सिंग शिकली. तिनं ते पुस्तक कुठल्याशा वाचनालयात पाहिलं आणि नंबर मिळवून मला फोन केला. तोवर मी हैदराबादला राहायला आले होते. तिचं मराठी माझ्या मुलाच्या मराठीपेक्षा चांगलं आहे. ती भांडली नाही. म्हणाली, “ताई, बाबा तुमच्याशी असंच बोलले असतील. पण बाबा असे नाहीयेत.” मी काहीतरी बोलले, शैलीबद्दल, वाचकापर्यंत पोहोचण्याबद्दल. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “त्यांना वाचता येत नाही ते एक बरंय.”

हैदराबादला येऊन मला आता अकरा वर्षं झाली. माझं तेलुगू भाजीवालीपुरतं आहे. ती मला हसते, दोन कोथिंबिरीच्या काड्या जास्त घालते. पण मुलाला ताप चढला होता त्या रात्री दवाखान्यात मी जे काही बोलले असेन ते कुणी उतरवून छापलं, तर त्यातली बाई चार पुस्तकं वाचलेली आहे, असं कुणाच्या स्वप्नातही येणार नाही.

तर ‘हीट’पाशी मी थांबले ती अशी थांबले. बालवाचकांसाठीच्या बाराशे शब्दांच्या प्रकरणात याला जागा नव्हती. मूळ पुस्तकात तर तो प्रसंगच नाही. पण त्यानंतर मी त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले आणि प्रकाशकाची मुदत दोनदा हुकवली.

वाचत गेले तसा तो 1971 चा ऑक्टोबर वेगळा दिसू लागला. त्या वर्षी 1 सप्टेंबरला पायरेट्सनी सुरुवातीचे नऊच्या नऊ खेळाडू काळे किंवा लॅटिन उतरवले होते. तसं आधी कधी झालं नव्हतं. त्यात उजव्या कोपऱ्यात क्लेमेन्ते होता. त्याआधी 1968 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा अंत्यसंस्कार होईपर्यंत आम्ही खेळणार नाही असं पायरेट्सच्या खेळाडूंनी कळवलं आणि सामने पुढे ढकलायला लावले, त्यातही तो पुढे होता. आणि मग ही वर्ल्ड सिरीज. सात सामने, सातही सामन्यांत त्याचे हिट. 1960 च्या सात सामन्यांतही असंच झालं होतं. म्हणजे चौदापैकी चौदा. सरासरी .414. शेवटच्या सामन्यात चौथ्या डावात त्यानं चेंडू कुंपणाबाहेर मारला. आता त्याला सर्वोत्तम न म्हणायची सोय उरली नव्हती. त्याच्या हातात मायक्रोफोन आला, देशभर प्रक्षेपण चालू होतं, सोळा-सतरा वर्षं ज्यांनी त्याचं बोलणं वेडंवाकडं छापलं ते सगळे कान देऊन उभे होते. आणि तो त्यांना म्हणाला, थांबा जरा. मोमेन्तितो. आधी घरच्यांशी बोलतो.

आता ते वाक्य. प्वेर्तो रिकोमध्ये मोठं माणूस भेटलं, की लहानानं ‘बेंदिसिऑन’ म्हणायचं असतं. आशीर्वाद. एवढा एकच शब्द. आणि मोठ्यानं उत्तर द्यायचं, देव तुझं भलं करो. फोन उचलला तरी तसंच, घरातून बाहेर पडताना तसंच. मागणं आणि देणं मिळून तो एक नमस्कार पुरा होतो. क्लेमेन्ते ह्या रीतीच्या बरोबर मधोमध उभा राहून बोलला: खाली मुलांना दिला, वर आईवडिलांकडे मागितला. इंग्रजीत हे नेलं की एकदम चर्चमध्ये गेल्यासारखं होतं, आणि म्हणून मूळ पुस्तकाच्या लेखकानं आभार मानून सुटका करून घेतली असावी. मीही आधी ‘माझ्या मुलांना माझे आशीर्वाद आहेत आणि आईवडिलांचे आशीर्वाद मला लाभोत’ असं काहीतरी लिहिलं. ते लग्नपत्रिकेसारखं दिसत होतं. मग ‘आई-बाबा, नमस्कार करतो’ असं लिहिलं. ते मुलांना कळलं असतं, पण त्याच्या पोरांचा आशीर्वाद त्यात राहून गेला.

माझे वडील रेल्वेत होते. बदल्यांवर असायचे, बिलासपूर, खडगपूर, पुन्हा बिलासपूर. दर पंधरवड्याला आजोबांच्या नावानं त्यांचं आंतर्देशीय पत्र यायचं. हवापाणी, पगार, अमुक वस्तू अमुकाबरोबर पाठवली आहे, आणि मग जागा संपत आल्यामुळे कडेनं उभं लिहिलेलं शेवटचं वाक्य: मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. प्रत्येक पत्रात तेच. आजोबा ते वाचताना आवाज किंचित चढवायचे, आणि ‘लहानांना’ म्हणताना चष्म्यावरून माझ्याकडे बघायचे. मला तेव्हा वाटायचं, की ते वाक्य पोस्टातच छापून येतं.

तीन आठवड्यांनी, डाळीला फोडणी देताना, ते वाक्य मला आठवलं. कसं सुचलं नव्हतं इतके दिवस, म्हणून स्वतःचा राग आला. इंग्रजीला जे पेलत नव्हतं ते आपल्याकडे प्रत्येक घरातल्या पत्राच्या कडेला उभं लिहिलेलं होतं, तेही दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली. क्लेमेन्तेचं वाक्य मी तसंच केलं. फक्त क्रम त्याचा ठेवला, आधी लहान, मग मोठे. संपादकांनी इथे प्रश्नचिन्ह काढलं नाही.

पुढचं वर्ष त्याचं शेवटचं. 30 सप्टेंबर 1972 ला पिट्सबर्गमध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर त्यानं तीन हजारावा हिट मारला. त्याच्याआधी फक्त दहा जणांना तिथवर पोहोचता आलं होतं. तीन हजारच्या पुढे आकडा गेला नाही, आणि त्यात काही संकेत होता असं लिहिण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. मला तो आवरावासा वाटतो. अडतीस वर्षांचा माणूस पुढच्या वसंतात पुन्हा खेळायच्या तयारीत होता, एवढंच त्यात आहे.

त्या नोव्हेंबरात तो प्वेर्तो रिकोच्या हौशी संघाचा व्यवस्थापक म्हणून निकाराग्वात मानाग्वाला गेला होता. परत आला, आणि 23 डिसेंबरला मानाग्वा भूकंपानं उद्ध्वस्त झालं. हजारो माणसं गेली. महिन्यापूर्वी ज्या रस्त्यांवरून तो हिंडला होता ते उरले नव्हते. सान हुआनमध्ये त्यानं मदत गोळा करायला सुरुवात केली. सणाचे दिवस सोडून सकाळपासून रात्रीपर्यंत तो तिथेच असे. पाठवलेलं सामान सोमोसाच्या सैनिकांच्या हाती पडतंय, लोकांपर्यंत पोहोचत नाही, अशा बातम्या येऊ लागल्या. तेव्हा त्यानं ठरवलं, की आपण स्वतः जायचं. माझ्यासमोर कुणी हात लावणार नाही. भाड्यानं घेतलेलं विमान जुनं डीसी-7 होतं. मर्यादेपेक्षा चार हजार पौंडांहून जास्त माल त्यात भरला होता. 31 डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमाराला, लोक नववर्षाची वाट बघत असताना, ते उडालं आणि किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळलं. विमानात पाच जण होते. क्लेमेन्तेचा देह मिळाला नाही. घरी पत्नी वेरा आणि तीन लहान मुलगे होते. तिन्ही मुलं प्वेर्तो रिकोतच जन्मावीत असा त्याचा आग्रह होता, आणि तसंच झालं होतं.

पायरेट्सचे सगळे खेळाडू प्रार्थनासभेला कारोलिनाला आले. एक आला नाही: मान्नी सांगियेन, पनामाचा, संघाचा कॅचर, क्लेमेन्तेचा जिवलग. तो त्या वेळी पाणबुड्यांबरोबर समुद्रात होता. बुडी मारून मित्राला शोधत होता.

निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचा हॉल ऑफ फेमचा नियम त्याच्यासाठी बाजूला ठेवला गेला. 1973 मध्येच त्याची निवड झाली. लॅटिन अमेरिकेतून तिथे गेलेला तो पहिला. समाजासाठी काम करणाऱ्या खेळाडूला दर वर्षी त्याच्या नावाचा पुरस्कार देतात. पिट्सबर्गमध्ये त्याच्या नावाचा पूल आहे, आणि नव्या मैदानात उजव्या कोपऱ्यातलं कुंपण बरोबर एकवीस फूट उंच बांधलंय, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा 21 होता. असे सन्मान झाले. पण हॉल ऑफ फेममधल्या त्या ब्राँझच्या फलकावर काय कोरलं होतं? रोबेर्तो वॉकर क्लेमेन्ते. स्पॅनिश रीतीत आधी बापाचं आडनाव येतं आणि शेवटी आईचं. त्याची आई लुइसा वॉकर. म्हणजे पूर्ण नाव रोबेर्तो क्लेमेन्ते वॉकर. आडनाव शेवटीच असणार अशा समजुतीनं आईचं नाव मध्ये ढकललं गेलं. आपल्याकडे मधलं नाव बापाचं, म्हणून मराठी वाचकालाही ते पाहून वॉकर हेच बापाचं नाव वाटलं असतं. सत्तावीस वर्षं तो फलक तसाच होता. 2000 मध्ये नवा ओतून लावला.

मी ते वाचलं त्या आठवड्यात मेस्त्रींच्या मुलीला फोन केला. संग्रहाची नवी आवृत्ती निघणार होती आणि ते प्रकरण मला पुन्हा लिहायचं होतं. मेस्त्री आता गावी परतलेत. हैदराबादहून बसनं तीन तास. ती सुट्टी काढून आली होती. मी म्हटलं, या वेळी तुम्ही तेलुगूत बोला. ते दीड तास बोलले. त्यांना एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. ठेकेदाराची नक्कल केली, पाया भरतानाचा हिशेब सांगितला, त्यांच्या बायकोला कशावरून तरी हसू आवरेना. मला निम्मं कळत होतं. मी अडले की मुलगी मराठीत सांगे, आणि मी मध्येच काही तेलुगूत विचारलं की मेस्त्री लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश उत्तर देत. एका ठिकाणी मी ‘भिंत सरळ आहे का ते दोरीनं बघायचं’ असं वहीत लिहिलं. मुलीनं वाचून सांगितलं, “दोरी नाही ताई, ओळंबा.” तिच्या बापाच्या हातात तो लहानपणापासून बघितलेला.

चहा होईपर्यंत मेस्त्रींनी विचारलं, की हे सगळं परत कशाला लिहिताय. मी माझ्या तेलुगूत त्या खेळाडूची गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. खेळ काही त्यांना समजला नाही. मी तरी काय समजावणार. विमान समजलं, समुद्र समजला. त्यांनी विचारलं, सापडला का? नाही म्हटलं, पण एक मित्र होता, सांगियेन नावाचा, तो पाण्यात उतरून शोधत राहिला.

“सांगय्या,” मेस्त्री म्हणाले. जरा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, “सांगय्याला पोहता येत होतं का नीट?”